एअरसेन्स १० ऑटोसेट: यंत्र उत्तम, पण ‘४ ते २०’वर सोडलं तर कपाटावर जाणार

स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजाराचं, निदान झालं की आपल्याकडे दुकानदार जी दोन-तीन यंत्रं पुढे करतो, त्यात रेसमेड कंपनीचं एअरसेन्स १० ऑटोसेट हमखास असतं: मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं आणि तो दाब आपोआप बदलणारं. याची पुढची पिढी, एअरसेन्स ११, २०२१मध्ये आली, तरी १० अजून घराघरांत चालू आहे आणि वापरलेलं म्हणून विकायलाही येतं. यंत्र म्हणून त्यात नाव ठेवायला फारसं काही नाही. खोट असते ती बहुधा ते बसवून देण्यात.

पैसे मोजण्याआधी झोपेच्या चाचणीचा रिपोर्ट नीट वाचा. त्यातला एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला किंवा उथळ झाला. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३०च्या वर तीव्र. घरी केलेल्या चाचणीत मेंदूच्या लहरी सहसा मोजत नाहीत, त्यामुळे ती आकडा झोपेच्या तासांनी न भागता नोंदणीच्या तासांनी भागते. रात्रभर तळमळत पडलेल्या माणसाचा एएचआय तिथे खराखुऱ्यापेक्षा कमी दिसतो. दिवसा गाडी चालवताना डोळा लागतोय आणि घरची चाचणी ‘नॉर्मल’ म्हणतेय, तर स्लीप लॅबमध्ये रात्र काढून पूर्ण पॉलिसोम्नोग्राफी (मेंदूच्या लहरींसकट झोपेची चाचणी) करा. हार्ट फेल्युअर, सीओपीडी (फुप्फुसांचा दीर्घकालीन श्वासरोध), अफूजन्य वेदनाशामकं किंवा खूप वजनासोबत रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढलेला, यांपैकी काही असेल तर ऑटो यंत्र परस्पर उचलून आणू नये. तिथे दाब लॅबमध्येच ठरवावा लागतो, कधी बायपॅप (श्वास घेताना जास्त, सोडताना कमी दाब देणारं यंत्र) लागतं. घोरण्यावर इलाज म्हणून रिपोर्ट न बघता यंत्र देणारं दुकान दिसलं, तर पायरी उतरा.

हवेला ओलावा देणाऱ्या पाण्याच्या टाकीसकट यंत्राचं वजन सव्वा किलोच्या आसपास, आवाज साधारण २७ डेसिबल. पंख्याखाली तो ऐकूही येत नाही. जो फुस्स आवाज येतो तो मास्कच्या छिद्रांतून बाहेर जाणाऱ्या हवेचा. उच्छ्वास तिथूनच बाहेर पडतो, त्यामुळे ती छिद्रं चिकटपट्टीने बुजवायची नाहीत. (हा प्रयोग लोक करतात.)

आता मुख्य दुखणं. यंत्राचा दाब ४ ते २० सेंटीमीटर पाण्याइतका असू शकतो, आणि पुष्कळदा ते तसंच, ४ ते २० वर, हातात दिलं जातं. ‘ऑटो आहे, आपोआप जुळवून घेईल’ म्हणून. पण ४ हा दाब धडधाकट मोठ्या माणसाला गुदमरल्यासारखा वाटतो; मास्क लावून पाच मिनिटांत तो काढून फेकावासा वाटतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. शिवाय ज्याला ११ लागतो त्याच्या बाबतीत यंत्र ४पासून पायरी पायरीने चढणार, आणि ते वर पोचेपर्यंत घसा दोन-चारदा मिटून झालेला असणार. वरचं टोक मोकळं सोडलं तर दाब उसळतो, मास्क गळायला लागतो, हवा पोटात जाते आणि सकाळी पोट ढोलासारखं.

यावर उपाय सोपा आहे, पण पाठपुरावा लागतो. पहिले एक-दोन आठवडे वापरल्यावर नोंदीतला मध्यक दाब (अर्धा वेळ ज्याच्या खाली राहिला तो) आणि ९५ टक्के वेळ ज्याच्या खाली राहिला तो दाब, हे दोन आकडे डॉक्टरांना दाखवा आणि त्यावरून किमान दाब वर घेऊन कमाल दाबाला लगाम घालायला सांगा. डॉक्टरांच्या सेटिंगचा मेनू होमचं बटण आणि गोल खटका एकत्र तीन सेकंद दाबला की उघडतो. किमान-कमाल काय लावलंय ते पाहायला तो उघडावा. आकडे मनाने फिरवायला नव्हे. विक्रेत्याचा माणूस फोनवर ‘दोनने वाढवून बघा’ म्हणत असेल तर तो उपचार नव्हे, अंदाजपंचे आहे.

त्याच मेनूत ईपीआर असतो: श्वास सोडताना दाब १, २ किंवा ३ सेंटीमीटरने उतरवणारी सोय. नव्याने वापरणाऱ्याला हिचा खूप आधार वाटतो. मात्र यंत्र ४च्या खाली उतरत नाही. दाब ४ असेल तर ईपीआर ३ ठेवा की बंद ठेवा, सारखंच. पूर्ण तीनचा उतार हवा तर दाब निदान ७ पाहिजे. रॅम्प, म्हणजे सुरुवातीला दाब कमी ठेवून मग चढवण्याची सोय, ‘ऑटो’वर ठेवला की झोप लागेपर्यंत दाब खालीच राहतो, आणि झोप लागल्याचं यंत्राला कळलं नाही तर अर्ध्या तासाने चढायला लागतो. तेव्हा रॅम्पचा सुरुवातीचा दाबही ४ नको.

मास्कचं गणित यंत्रापेक्षा अवघड. नाकपुड्यांशी टेकणारे पिलो (पी१०सारखे), नाक झाकणारे (एन२०), नाक-तोंड दोन्ही झाकणारे (एफ२०) असे तीन प्रकार. ‘तोंडाने श्वास घेता ना? मग फुल फेस घ्या’ हा दुकानातला सल्ला घाईचा असतो. नाक चोंदलेलं म्हणून तोंड उघडतं, आणि नाकाचा इलाज झाला की बऱ्याच जणांना नाकाचाच मास्क पुरतो. फुल फेसची कड लांब, म्हणून गळती जास्त आणि दाबही बरेचदा जास्त लागतो. झुपकेदार मिशा असतील तर एन२० आणि एफ२० दोन्ही त्यांच्यावरून हवा सोडतात. पिलो मास्क मिशीच्या वर बसतो, म्हणून मिशी राखायची असेल तर आधी तो बघा. तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला पेसमेकर किंवा शरीरात धातूचं रोपण असेल, तर चुंबकाच्या क्लिपांचे मास्क टाळा. कंपनीने २०२३मध्ये चुंबक आणि रोपण यांच्यात किमान १५ सेंटीमीटर अंतर ठेवण्याची सूचना काढली आहे.

मास्क उभ्याने जुळवू नका. आडवं व्हा, यंत्रातली ‘मास्क फिट’ ही सोय चालू करा, हवा वाहती असताना पट्टे आवळा, कुशीवर वळून पुन्हा बघा. पट्टे करकचून ओढले की सिलिकॉनची गादी चेपते आणि उलट जास्त गळते. नाकाच्या दांडीवर वळ उठतात ते वेगळंच. मिनिटाला २४ लिटरच्या वर गळती गेली की यंत्राच्या दाबाच्या निर्णयावर फार विसंबता येत नाही. मास्क बदलला की मेनूत त्याचा प्रकारही बदलावा, नाहीतर गळतीचा हिशेबच चुकतो. आणि आपल्याकडची खास गोष्ट: रात्री डोक्याला खोबरेल चोपडून मास्क लावू नका. तेलाने पट्ट्याचं लवचीकपण जातं, गादी घसरते. गादी रोज सकाळी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी, उन्हात वाळवू नये.

टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला, रोज बदला. बोअरच्या पाण्याने आठवडाभरात तळाला पांढरा थर धरतो. तो काढायला एक भाग व्हिनेगर, दहा भाग पाणी. बॅटरीचं पाणी स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका, ते श्वासावाटे घेण्यासाठी बनवलेलं नसतं. ओलाव्याची पातळी १ ते ८. कोकणात जुलैत हवेतच इतका दमटपणा असतो की २ पुरतो, विदर्भात मे महिन्यात कूलर नसेल तर ५-६ लागेल. एसीच्या खोलीत नळीत पाणी जमून चेहऱ्यावर थेंब येतात. यंत्र उशीपेक्षा खाली ठेवा, नळी पांघरुणाखालून घ्या, नाहीतर तापणारी नळी घ्या. ओझोनने ‘सॅनिटाइझ’ करणाऱ्या पेट्यांवर पैसे घालवू नका.

मागच्या बाजूचं फिल्टर धुता येत नाही. पुस्तिका सहा महिने म्हणते, पण रस्त्यालगतच्या घरात ते महिना-दीड महिन्यात काळं पडतं. बदला. दिवे जाणाऱ्या गावांत: ॲडॉप्टर ९० वॅटचा आहे, पण वीज खातात ती टाकी आणि नळी तापवणारी यंत्रणा. इन्व्हर्टरवर असताना ओलावा बंद केला तर बॅटरी कितीतरी जास्त तास पुरते.

सकाळी पडद्यावर तीन गोष्टी बघा: तास, मास्कची गळती, तासाला किती घटना (श्वास थांबणं किंवा उथळ होणं). घटना ५च्या खाली हव्यात. पहाटे तीनला मास्क काढून टाकणाऱ्यांचा आकडाही छान दिसतो, कारण आरईएम (स्वप्नांची) झोप जास्त करून पहाटे येते आणि अनेकांचा ॲप्निया त्याच वेळी चिघळतो. ते तास यंत्राने पाहिलेलेच नसतात. एसडी कार्डावरची नोंद ऑस्कर या मोफत प्रणालीत उघडली की पूर्ण रात्रीचा आलेख दिसतो. कार्ड संगणकात घालण्याआधी त्यावरची लॉकची खिट्टी सरकवा, परत यंत्रात टाकताना उघडा. आलेखात ‘सीए’ म्हणून खुणा आल्या तर घसा उघडा असूनही श्वास थांबलाय. अशांवर दाब वाढवून उपयोग नसतो, उलट त्या वाढू शकतात. नव्या वापरात थोड्या दिसल्या तर बहुधा काही आठवड्यांत कमी होतात, तासाला पाचपेक्षा जास्त टिकल्या तर नोंद घेऊन डॉक्टर गाठा.

वापरलेलं यंत्र घेत असाल तर किती तास चाललंय ते आधी तपासा. रोज आठ तासांनी वर्षाला २,९२० तास होतात, आणि कंपनीने यंत्राचं आयुष्य ५ वर्षं धरलंय. टाकी, नळी, मास्क नवेच घ्या. लडाखची सहल ठरली असेल तर लक्षात ठेवा: यंत्राची उंचीची मर्यादा ८,५०० फूट आहे आणि लेह साडेअकरा हजार फुटांवर. तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोला. महाबळेश्वरला मात्र खुशाल न्या.