अजिंठा की मुंबईचं म्युझियम?

जळगावकराला चित्र निवांत बघायचं असेल तर दोन वाटा. सकाळची एसटी धरून सुमारे ६० किलोमीटरवरचं अजिंठा, नाहीतर रात्रीच्या गाडीनं मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय.

मुंबईत सोय आहे. काचेमागे लघुचित्रं, बेताचा उजेड, शेजारी माहितीची पाटी. वहीच्या पानाएवढ्या चित्रावर नाक टेकवून ओढणीची नक्षी बघत बसा. (काचेत आपलंच तोंड दिसतं, ते सोडा.)

अजिंठ्यात १ नंबरच्या लेण्यात उन्हातून शिरलं की आधी काहीच दिसत नाही. पाच मिनिटं गप उभं राहायचं. मग दीड हजार वर्षांपूर्वीचा पद्मपाणी, म्हणजे बुद्ध होण्याच्या वाटेवरचा बोधिसत्त्व, हळूहळू भिंतीतून वर येतो. कललेली मान, खाली वळलेली नजर, बोटांत अलगद धरलेलं कमळ. रंगाचा पोपडा उडालाय तिथे खालचा मातीचा गिलावा उघडा पडलाय. आपल्या गावाकडच्या भिंतीसारखाच, भुसा कालवलेला. हे काचेमागे कुठून दिसणार?

मी तरी आधी अजिंठाच म्हणेन. फक्त सोमवारी निघू नका, लेणी बंद असतात. आमची एक खेप लेण्यांजवळच्या फर्दापूरला चहा पिऊन परत आली.