जुना एन्लार्जर: आठ महिन्यांनंतर

बंद पडलेल्या एका स्टुडिओतून हा एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरचं चित्र मोठं करून फोटोच्या कागदावर पाडणारं यंत्र, ४,५०० रुपयांना उचलला. निगेटिव्ह धरणारा ३५ एमएमचा कॅरियर, ५० एमएमची लेन्स, तीन ट्रे, आणि स्टुडिओवाल्या काकांनी आग्रहाने दिलेला डार्करूमचा पिवळसर दिवा, ज्याच्या उजेडात कागद खराब न होता काम करता यावं असा. हेच मी दोन महिन्यांपूर्वी लिहायला बसलो असतो तर सरळ ‘घेऊ नका’ म्हटलं असतं.

मी छोटेच प्रिंट काढतो. ५ बाय ७ इंची कागदाचे चार तुकडे केले की १०० कागदांच्या पाकिटात ४०० प्रिंट होतात. सुरुवात काटकसरीपोटी झाली, पण आता कागद फुकट मिळाला तरी हेच माप ठेवीन. तळहाताएवढा फोटो माणूस उचलून डोळ्यांजवळ नेतो, तिरपा धरून बघतो. एचपी५ फिल्मचा दाणाही एवढ्या मापात टोचत नाही. अडचण एकच: एन्लार्जरचं डोकं इतकं खाली येतं की उजेड भसकन पडतो. लेन्सचं छिद्र एफ/११ किंवा एफ/१६वर बारीक केलं तरच आठ-दहा सेकंद हाताशी राहतात.

पण माझे प्रिंट मळकट यायचे. आईच्या पांढऱ्या साडीचा फोटो दहादा काढला, दहाही वेळा साडी राखाडी. काँट्रास्ट वाढवायला फिल्टर ३चा लावला, ४चा लावला, चित्र उमटवणारं रसायन, डेव्हलपर, ताजं केलं. एन्लार्जरचा उजेड न पडलेली कडेची पट्टी मात्र पांढरीशुभ्र, त्यामुळे दिव्यावर संशयच आला नाही. कोरा कागद दहा मिनिटं त्या उजेडात ठेवून धुतला, तोही पांढरा. मग काकांना फोन करून बरंच बोललो: लेन्सला बुरशी आहे, डोक्यातून उजेड गळतो, तुम्ही सांगितलं नाहीत. ते एवढंच म्हणाले, “अरे, तीस वर्षं याच्यावर पासपोर्ट फोटो काढलेत.”

खरं होतं त्यांचं. चूक माझ्या तपासण्यात होती. कोऱ्या कागदाला मंद उजेडाचा फरक पडलेला दिसत नाही. आधीच थोडा उजेड खाल्लेला कागद मात्र लगेच काळवंडतो. म्हणून आधी एन्लार्जरखाली कागदाला इतकाच उजेड दिला की तो धुतल्यावर फिकट राखाडी व्हावा. त्यावर दोन रुपयांचं नाणं ठेवलं, दिव्याखाली सात मिनिटं थांबलो आणि कागद ट्रेमध्ये सोडला. मिनिटभरात मधोमध नाण्याचा फिकट गोल उमटला, भोवती सगळं गडद. तो गोल बघून जीव भांड्यात पडला आणि काकांच्या फोनची आठवण येऊन लाजही वाटली.

काकांच्या काळचा ठरलेल्या ग्रेडचा, म्हणजे एकाच काँट्रास्टचा कागद मुख्यतः निळ्या उजेडालाच दाद द्यायचा. माझा मल्टिग्रेड हिरव्यालाही देतो, फिल्टर बदलून काँट्रास्ट बदलतो तो त्यामुळेच. पिवळ्या दिव्यात हिरवा असणारच. वर मी चार तुकड्यांवर एकामागून एक उजेड देऊन चौघांना एकदम धुवायचो, म्हणजे पहिला तुकडा सहा-सात मिनिटं त्या दिव्याखाली पडून.

आता लाल एलईडी लावलाय. घेताना दुकानातच जुन्या सीडीत त्याचं प्रतिबिंब पाहिलं, सीडी उजेडातले रंग वेगवेगळे करून दाखवते. फक्त लाल दिसला, हिरव्याची रेघ नव्हती, तेव्हाच पैसे दिले. तोही चार फूट लांब ठेवून नाण्याने तपासला, गोल आला नाही. साडी पांढरी आली. काठाची वीणसुद्धा दिसते.

काकांकडे जाऊन माफी मागितली, चार प्रिंट दिले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एकेक नाकाजवळ धरला आणि म्हणाले, “हायपो नीट धुतलास ना?” हायपो म्हणजे फोटो पक्का करणारं रसायन.

लेन्सला बुरशी नाही, एन्लार्जर घ्यायला हरकत नाही. खांबावरचा स्क्रू ढिला आहे, डोकं हळूहळू खाली घसरतं आणि फोकस जातो. तिथे फायबरचा वॉशर टाकून बघणार आहे. टायमर घेतला नाही. दाराबाहेरच्या मोबाईलवर मेट्रोनोम लावतो आणि सेकंद मोजतो. टायमरच्या पैशांत कागदाचं आणखी एक पाकीट येतं.