जळजळ हातांनी कायमची बरी करतो म्हणणाऱ्याला मी ५९,१०० रुपये दिले

चार वर्षे जीईआरडीने, म्हणजे पोटातले आम्ल अन्ननलिकेत वर चढण्याच्या विकाराने, बेजार झालेला, उशीवर उशी रचून अर्धवट बसूनच झोपणारा माणूस कशावर विश्वास ठेवील, हे ती जळजळ न भोगलेल्यांनी ठरवू नये. ‘ऑस्टिओपॅथी’चे, म्हणजे हातांनी स्नायू-सांधे दाबून-ताणून करायच्या उपचाराचे, केंद्र चालवणाऱ्या गृहस्थाने माझ्याकडून तपासणीचे १,५०० आणि बारा बैठकांचे ३८,४०० रुपये आगाऊ घेतले. पुढे ‘अन्ननलिकेची झडप अजून पूर्ण बसलेली नाही’ असे सांगून आणखी सहा बैठकांचे १९,२०० घेतले. पावतीवर उपचार हा शब्दच नाही, ‘वेलनेस सेवा’ असे छापले आहे. पैसे देण्याआधी पावतीवर काय लिहिणार ते विचारा.

पहिल्या दिवशी मी एंडोस्कोपीचा अहवाल पुढे केला, तेव्हा त्याने तो टेबलाच्या कडेला सरकवला. निघताना मी अहवालाचे पाकीट उचलले, तर त्याची पिन जशीच्या तशी होती. अहवाल न वाचताच त्याने माझ्या झडपेचे निदान केले होते. मी ती पिन पाहिली आणि तरीही तिथेच उभे राहून फोनवरून पैसे पाठवले.

मी अडाणी नाही, वाचून गेलो होतो. श्वासपटल अन्ननलिकेच्या खालच्या झडपेला आधार देते, हे खरे आहे. हाताच्या उपचाराने काही रुग्णांना आराम पडल्याचे छोटे अभ्यास आहेत. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने ऑस्टिओपॅथची नोंदणीही होते. या खऱ्या गोष्टींच्या आडून ‘कायमचे बरे’ हे खोटे मला विकले गेले. असे शब्द कोणी उच्चारले की उठून निघा.

त्याच्या सांगण्यावरून पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी एका दिवसात बंद केली, आणि चौथ्या रात्री घशापर्यंत आग उसळली, तेव्हा ‘शरीर विष बाहेर टाकते आहे’ हे उत्तर मिळाले. गोळी अचानक थांबवल्यावर आम्ल काही काळ उसळते, हे पोटविकारतज्ज्ञांकडून नंतर कळले. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी वाद आहे. वैद्यकीय परिषदेने कळवले की ती व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर नसल्याने कारवाई करता येत नाही. अहो, डॉक्टर नसताना रोग बरा करण्याचे पैसे घेतले, हीच तर माझी तक्रार आहे! पालिकेच्या आरोग्य विभागाने विचारले, त्याने इंजेक्शन दिले का? नाही म्हटल्यावर अर्ज परत माझ्या हातात ठेवला. तीन कार्यालये, सात खेटे, आणि पोच मिळाली ती एकाच अर्जाची. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, एवढे तरी बरे. पुढची तारीख चार महिन्यांनंतरची आहे, आणि ते केंद्र आजही सकाळी दहाला उघडते.