वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग: चादर विणणाऱ्या चिमुकल्या कोळ्यांसाठी किती कामाचा?

चादरीसारखं जाळं विणणाऱ्या लिनिफिइडी कुलातल्या (फॅमिली) कोळ्यांचं नाव अचूक लिहायचं असेल, तर स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाचा वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग, म्हणजे जगभरच्या कोळ्यांच्या नावांची नोंदवही, उघडण्यावाचून गत्यंतर नाही. संकेतस्थळ सर्वांना खुलं आहे आणि पैसे लागत नाहीत. नोंदणीही फुकट आहे, पण ती करायलाच हवी, कारण मूळ शोधनिबंधांच्या पीडीएफ नोंदणीशिवाय उघडत नाहीत. या कुलात पीडीएफवाचून पुढचं पाऊलच पडत नाही. इथे संपूर्ण कॅटलॉगचं नाही, तर या एका कुलाला तो कितपत पुरा पडतो याचं परीक्षण आहे.

आधी हे कुल केवढं आहे ते बघा. उड्या मारणाऱ्या कोळ्यांचं सॉल्टिसिडी कुल सोडलं तर कोळ्यांमध्ये सर्वांत मोठं कुल हेच: ६०० च्या वर प्रजाती (जीनस) आणि ४,८०० च्या वर जाती (स्पीशीज). बहुतेकांचं अंग १ ते ४ मिलिमीटर. गवताच्या बुडाशी, शेवाळात, पालापाचोळ्यात हे आडवं, पातळ जाळं विणतात, त्याच्या खालच्या बाजूला उलटे लटकतात आणि वर पडलेल्या किड्याला जाळ्यातूनच चावतात. समशीतोष्ण उत्तरेत यांची गर्दी आहे. ब्रिटनमधल्या कोळ्यांच्या जातींपैकी ४० टक्क्यांहून जास्त या एका कुलातल्या आहेत. दुसऱ्या टोकाला हवाई बेटांवरची ऑर्सनवेल्स ही प्रजाती. तिच्यात १३ जाती आहेत आणि कुलाच्या मानाने त्या अगदी धिप्पाड.

कॅटलॉगचा पाया कोळीतज्ज्ञ नॉर्मन प्लॅटनिक यांनी घातला. २००० पासून तो न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या संकेतस्थळावर होता आणि २०१४ मध्ये बर्नला गेला. नोंदी १७५७ पासून सुरू होतात, कारण प्राणिनामांची गणती लिनियसच्या ‘सिस्टिमा नॅचुरे’ या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीपासून होत असली तरी स्वीडिश अभ्यासक क्लेर्कने १७५७ मध्ये कोळ्यांना दिलेली नावं अपवाद म्हणून ग्राह्य धरली जातात. लिनिफिया ट्रायँग्युलॅरिस हे क्लेर्कचंच नाव. या कुलाला ज्या प्रजातीवरून नाव मिळालं, तिची ही प्रारूप जाती, म्हणजे त्या प्रजातीचं नाव जिच्याशी कायमचं बांधलेलं आहे ती.

जातीचं पान साधं आहे. वर सध्याचं ग्राह्य नाव, लेखक आणि वर्ष. लेखकाचं नाव कंसात असेल तर जातीचं वर्णन मुळात दुसऱ्या प्रजातीत झालं होतं असं समजायचं. शेजारी नर आणि मादीच्या खुणा असतात. त्या नीट बघा. या कुलात फक्त नरावरून किंवा फक्त मादीवरून वर्णन झालेल्या जाती भरपूर आहेत. हातात नर आणि नोंदीत फक्त मादी असेल, तर तुलना तिथेच अडते आणि ‘जुळत नाही, म्हणजे नवी जाती’ असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. खाली सालवार संदर्भ येतात, प्रत्येकापुढे पान, आकृतीचा क्रमांक आणि ती आकृती नराची की मादीची ते. जाती एका प्रजातीतून दुसरीत नेली असेल तर ‘टी’, दोन नावं एक ठरवली असतील तर ‘एस’. थोडक्यात हा कोळ्यांचा सातबारा आहे: नाव कोणाकडून कोणाकडे गेलं त्याचे सगळे फेरफार दिसतात, पीक कसं आहे ते दिसत नाही.

आणि फेरफार या कुलात उदंड. लेप्थिफँटीस टेनुइस हे नाव जुन्या युरोपीय याद्यांमध्ये जागोजागी भेटतं. १९९६ मध्ये सारिस्तो आणि तनासेविच या अभ्यासकांनी त्या अवाढव्य प्रजातीतून टेन्युइफँटीस, मॅन्सुफँटीस यांसारख्या प्रजाती वेगळ्या काढल्या आणि २००१ मध्ये पॅलिड्युफँटीस. म्हणून जुनं नाव शोधताना प्रजातीच्या नावावर विसंबू नका. जातिनाम, म्हणजे दुसरा शब्द, रोमन लिपीत टाका आणि लेखक व वर्ष ताडून बघा. दुसऱ्या शब्दाचा शेवटही प्रजातीच्या लिंगानुसार बदलतो, तेव्हा पूर्ण शब्द सापडला नाही तर शेवटची दोन-तीन अक्षरं गाळून शोधा. दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या भातावरच्या कीडनियंत्रणाच्या पुस्तिकांमध्ये तुडतुड्यांची पिल्लं खाणारा बुटका कोळी ॲटिपिना फॉर्मोसाना या नावाने येतो. ते नाव शेतीच्या अहवालात उतरवण्याआधी याच पद्धतीने तपासून घ्यावं.

मोठी तक्रार मांडणीबद्दल आहे. कॅटलॉग कुलानंतर थेट प्रजातीवर येतो, उपकुलं दाखवत नाही. वीस-तीस प्रजातींच्या कुलात ते खपून जातं. इथे ६०० हून अधिक प्रजाती एकाच वर्णानुक्रमात उभ्या राहतात, आणि एरिगोनिनी, मायक्रोनेटिनी, लिनिफिइनी, मायनोग्लेनिनी ही विभागणी ज्याला आधीच ठाऊक नाही त्याला त्या यादीतून काहीच बोध होत नाही. उपकुलांच्या सीमांवर अजून वाद आहेत, म्हणून ती वगळण्यामागचं कारण समजतं. तरीही प्रत्येक प्रजातीपुढे ‘अमुक लेखकाच्या मते अमुक उपकुल’ एवढी ओळ आली तर नवशिक्याचा बराच वेळ वाचेल. कुलाची हद्दसुद्धा हललेली आहे. वाइनट्राउबोआ आणि पुताओआ या आशियाई प्रजाती शेजारच्या पिमॉइडी कुलात होत्या, २०२१ मध्ये त्या लिनिफिइडीत आणल्या गेल्या. असे बदल कॅटलॉग तत्परतेने नोंदवतो, हे त्याचं मोठं बळ.

ओळख पटवण्याचं काम मात्र त्याच्यावर टाकू नका. इथे ओळखीची किल्ली (एकेक लक्षण ताडत नावापर्यंत नेणारी प्रश्नमालिका) नाही, वर्णन नाही, छायाचित्र नाही. वॉल्केनेरिया अक्युमिनाटा घ्या. नराच्या डोक्यातून एक बारीक देठ उभा निघतो आणि डोळे त्या देठावर बसलेले असतात. एकदा पाहिलेला माणूस हे विसरणार नाही, पण कॅटलॉगच्या पानावर दिसतं ते फक्त नाव, वर्ष आणि प्रदेश. युरोपातल्या कोळ्यांसाठी बर्नहूनच चालणारं ‘अरानिए’ हे संकेतस्थळ किल्ली आणि चित्रं देतं. ती किल्ली भारतातल्या नमुन्याला लावायची नाही: तिच्यात नसलेली जाती ती दाखवणारच नाही, जवळच्या युरोपीय नावावर नेऊन सोडेल.

म्हणून कॅटलॉग उघडण्याआधीची तयारी नीट हवी. नमुना ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये. प्रौढ आहे ना, हे आधी बघा. पिल्लावरून जाती ठरवण्याच्या फंदात पडू नका. मग कुल. सहाही तंतुग्रंथींची टोकं एका आडव्या रांगेत असतील तर तो हानिइडी कुलाचा, तोही इवलासा आणि जमिनीलगत चादर विणणारा. कोळी जाळ्याच्या वरून पळत नळीत शिरत असेल तर तो अ‍ॅजेलेनिडी. लिनिफिइडीच ठरला की पुढच्या नोंदी करा: पायांच्या चारही जोड्यांच्या टिबियावर (पायाचा गुडघ्यानंतरचा खंड) वरच्या बाजूला किती काटे, पहिल्या पायाच्या मेटाटार्ससवरचा (टिबियानंतरचा खंड) संवेदी केस लांबीच्या कितव्या भागात, चौथ्या पायाच्या मेटाटार्ससवर तो आहे की नाही. काटे सहज झडतात, तेव्हा दोन्ही बाजूंचे पाय मोजा आणि उरलेली खोबणही शोधा. नराचा पाल्प (तोंडाजवळचा, समागमासाठी वापरला जाणारा स्पर्शक) बाहेरच्या बाजूने बघून त्याच्या बुडाशी असलेल्या पॅरासिंबियम या फाट्याचा आकार काढा. मादीचं एपिगाइन (पोटाखालची जननेंद्रियाची कठीण चकती) सोडवून लवंगेच्या तेलात किंवा लॅक्टिक आम्लात पारदर्शक करा. स्टिरिओ सूक्ष्मदर्शक ४० पटीखाली असेल तर यातलं निम्मं दिसणार नाही. एवढं कागदावर आलं की मग कॅटलॉगमधून आकृतीपर्यंत पोचायला मिनिटं लागतात.

भारतासाठी शोध घेताना प्रदेशाच्या रकान्यावर फार भार टाकू नका. तिथे बहुधा फक्त ‘इंडिया’ लिहिलेलं असतं. जाती हिमालयातली की सह्याद्रीतली, ते मूळ निबंधातल्या प्रारूप-स्थळावरूनच, म्हणजे वर्णनाचा नमुना जिथे सापडला त्या जागेवरूनच कळतं. शिवाय नुसत्या स्थानिक याद्या आणि पर्यावरणविषयक सर्वेक्षणं कॅटलॉग संदर्भांत धरत नाही, म्हणून ‘महाराष्ट्रात नोंद नाही’ असं त्याच्या आधारे लिहिता येत नाही.

सर्व जातींची यादी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा तक्ता) म्हणून उतरवून घेता येते, आणि या कुलासाठी ती संकेतस्थळापेक्षाही सोयीची पडते. कुलाच्या रकान्याला गाळणी लावा, मग प्रदेशाच्या रकान्यात ‘इंडिया’ आणि ‘नेपाळ’ रोमन लिपीत शोधा. नेपाळ मुद्दाम, कारण हिमालयातल्या पुष्कळ जातींचं वर्णन तिथल्या नमुन्यांवरून झालंय. फाइल एक्सेलमध्ये थेट दोनदा टिचकी मारून उघडली तर चेक, पोलिश लेखकांच्या नावांतली चिन्हं बिघडू शकतात. ती डेटा-आयातीतून, यूटीएफ-८ ही अक्षरसंकेत-पद्धत निवडून उघडा. लेखकाचं नाव कंसात आहे की नाही ते या फाइलमध्ये वेगळ्या रकान्यात असतं. तो रकाना न बघता नावं जोडली तर अर्ध्या यादीत कंस चुकतात आणि निबंध तपासणाऱ्याच्या ते पहिल्या नजरेत येतं.

कॅटलॉग सतत अद्ययावत होत असल्यामुळे नुसतं ‘वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगनुसार’ असा संदर्भ अपुरा आहे. आवृत्तीचा क्रमांक आणि पाहिल्याची तारीख दोन्ही लिहा. नमुन्याच्या कुपीत ठेवायच्या चिठ्ठीवर नावासोबत जातीचा एलएसआयडी क्रमांकही (कॅटलॉगने प्रत्येक जातीला दिलेला कायमचा ओळख-क्रमांक) पेन्सिलीने किंवा इथेनॉलमध्ये न विरघळणाऱ्या शाईने टाका. पुढे प्रजाती बदलली तरी त्या क्रमांकावरून नोंद सापडते.