‘एसएफ’ खरवडलेले प्रॉप: नाशिकच्या आरसीवाल्यांनो, सावध राहा

नाशिक आणि आसपास आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी विमानं उडवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. ड्रोनसाठी आणलेला, पडून राहिलेला जुना माल थ्रीडी, म्हणजे हवेत टांगून कसरती करायच्या विमानांचे प्रॉप (पुढचे पंखे) म्हणून खपवला जातोय, आणि त्यावरची ‘एसएफ’ ही कंपनीची खूण आधी खरवडून काढली जातेय. आम्ही त्यात फसलो. पैसे फार गेले नाहीत. पण हवेत पातं तुटलं तेव्हा शेजारी शाळकरी पोरं उभी होती, त्यामुळे गप्प बसवत नाही.

भाच्याचं विमान फोमचं, एक किलोच्या आतबाहेर. ९५० केव्हीची मोटर (रिकामी असताना दर व्होल्टला मिनिटाला ९५० फेरे), थ्री-सेल म्हणजे ११.१ व्होल्टची बॅटरी. त्याला ११×५.५ चा इलेक्ट्रिक प्रॉप बसतो. ११ इंच व्यास आणि ५.५ इंच पिच, म्हणजे एका फेऱ्यात प्रॉप हिशेबाने तेवढा पुढे सरकतो. हॉवर (एका जागी तरंगणं) आणि टॉर्क रोल (तसंच तरंगत स्वतःभोवती फिरणं) करताना विमान नाक वर करून हवेत टांगल्यासारखं असतं. तिथे वेगाला काही किंमत नाही, थ्रस्ट (खेच) लागतो, म्हणून व्यास मोठा आणि पिच कमी घेतात. मोठे लूप, लांब सरळ रोल असं पॅटर्नचं उडवायचं असेल तर पिच वाढवतात. नवशिक्याला हे कळायला वेळ लागतो, आणि विकणाऱ्याने नेमकं इथेच पकडलं. हॉबीवाल्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याची ओळख झाली, कॉलेज रोडला माल घेऊन भेटला, आणि हे सगळं इतकं नीट समजावून सांगितलं की माणूस जाणकार आहे याबद्दल शंकाच उरली नाही. बोलला त्यातला शब्द न् शब्द खरा होता. खोटा होता तो पाकिटातला माल.

भाव बाजाराच्या निम्मा. पातीच्या मुळाशी ‘११×५.५ ई’ असं छापील स्टिकर, ई म्हणजे इलेक्ट्रिक. बिल मागितलं तर “दादा, संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपला टाकतो.” यूपीआयवर पैसे गेले ते तिसऱ्याच कुणाच्या नावावर.

घरी आल्यावर काही प्रॉप उलट्या पीळाचे निघाले. फोन केला. “त्यात काय दादा, मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा, मोटर उलटी फिरेल.” ब्रशलेस मोटर तशी फिरते, हेही खरंच. पण एकाच मोटरच्या विमानासाठी कुणी उलटे प्रॉप पाकिटात का घालेल? चार मोटरच्या ड्रोनला दोन सुलटे आणि दोन उलटे लागतात. शिवाय साध्या आट्यांचा नट उलट्या फिरणाऱ्या मोटरवर सैल पडायची भीती असते. उलटे प्रॉप बाजूला ठेवले आणि सुलट्यांपैकी एक बॅलन्सरवर तपासून चढवला.

मखमलाबादच्या पुढे ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात आम्ही उडवतो. भाच्याने हॉवरमधून वर काढायला फुल थ्रॉटल दिला आणि फाटकन आवाज आला. एक पातं मुळाजवळून गेलं. उरलेल्या एका पातीवर मोटर अशी थरथरली की माउंटसकट फोममधून उपटून वायरींवर लोंबकळली. विमान पडलं. तुटलेलं पातं पोरांच्या डोक्यावरून जाऊन पलीकडच्या द्राक्षबागेच्या तारांवर आपटलं.

अंबडला टूलरूममध्ये काम करणाऱ्या मित्राला उरलेले प्रॉप दाखवले. स्टिकर काढून त्याने टेबललॅम्प आडवा धरला आणि भिंग लावलं. मुळाशी मोल्डिंगमध्येच उठावाची अक्षरं असतात, तिथे बारीक कानशीचे समांतर ओरखडे होते आणि त्यावर राखाडी मार्कर फिरवलेला. एका पातीवर कानस नीट चालली नव्हती. ‘एसएफ’ची बुडं स्पष्ट दिसत होती. एसएफ म्हणजे स्लो फ्लायर, कमी फेऱ्यांवर वापरायचा प्रॉप.

मग कोन मोजला. पिच मध्यापासून टोकाकडे ७५ टक्के अंतरावर बघतात. ११ इंची प्रॉपला ५.५ पिच असेल तर तिथे कोन सुमारे १२ अंश भरायला हवा. इथे १० च्या थोडा वर, म्हणजे ४.७ पिच. हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसणं शक्य नाही. पातीची रुंदी मात्र दिसते. अस्सल ११×५.५ ई शेजारी ठेवला तर स्लो फ्लायरची पाती चांगलीच पसरट आहे.

मुख्य धोका पिचचा नाहीच, फेऱ्यांचा आहे. प्रॉप बनवणारी एपीसी कंपनी आपल्या प्रॉपची कमाल मर्यादा स्वतः देते. स्लो फ्लायरसाठी ६५,००० भागिले इंचांतला व्यास, थिन इलेक्ट्रिकसाठी, म्हणजे ‘ई’साठी, १,५०,००० भागिले व्यास. ११ इंचांना पहिला आकडा येतो मिनिटाला सुमारे ५,९००, दुसरा १३,६०० च्या वर. आमची मोटर ११.१ व्होल्टवर रिकामी साडेदहा हजार फिरते, प्रॉप लावून आठ हजारांच्या आसपास. म्हणजे खऱ्या ‘ई’ला भरपूर सवड, आणि या प्रॉपवर मर्यादेच्या कितीतरी पुढे. सावकाश फिरणाऱ्या मोटरवर हाच स्लो फ्लायर उत्तम चालतो, बनवणाऱ्याचा यात काडीचा दोष नाही. ती दोन अक्षरं प्रॉप वापरणाऱ्याच्या जिवासाठी असतात, आणि या माणसाने तीच कानशीने घासून काढली. मालाचा भाव चढवून सांगणं वेगळं. हे मला अक्षम्य वाटतं.

विचारल्यावर पहिलं उत्तर, “तुम्ही थ्रॉटल जास्त दिला.” थ्रीडीला विकलेला प्रॉप फुल थ्रॉटल सोसणार नसेल तर तो थ्रीडीला विकलाच कशाला? खरवडलेल्या अक्षरांचा फोटो पाठवला, तर म्हणाला कमी पिच थ्रीडीला चांगलाच की. मग नंबर ब्लॉक.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी पडत नाही, गरज पडली तर तिकडेही जाणार. चॅट, यूपीआयची पावती आणि न वापरलेले प्रॉप स्टिकरसकट जपून ठेवलेत. अशी पाकिटं घेतलेल्या आणखी कुणी तक्रार केली तर प्रकरणाला वजन येईल.

तुमच्याकडे असे प्रॉप असतील तर मुळाशी बोट फिरवून बघा. उठावाची अक्षरं लागायला हवीत. सपाट, खरखरीत किंवा वरून रंगवलेलं लागलं, किंवा पाकिटात उलटे प्रॉप निघाले, तर मोटरवर चढवू नका, जमिनीवर चाचणीसाठीसुद्धा नाही. पुराव्याला एक-दोन ठेवून बाकीच्यांची पाती कापून टाका, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाहीत.