उद्यमनगरातलं पंपाचं दुकान: मोटर विकायच्या आधी खड्डा मोजला

कोल्हापुरात आमच्या शाहूपुरीतल्या अपार्टमेंटला बेसमेंट पार्किंग आहे आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली की फरशीच्या सांध्यातनं पाणी पाझरतं. ते साचवून उपसायला दीड फूट गोल खड्डा आणि अर्धा एचपीची सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारी मोटर होती. दोन पावसाळ्यात दोनदा वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळालं, आणि आधीचा प्लंबर दोन्ही वेळा एकच म्हणाला, मोटर कमी पडतीय, एक एचपी टाका.

म्हणून उद्यमनगरात गेलो. तिथल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, तासात किती वेळा चालू होते ओ? कधी मोजलंच नव्हतं. रात्री खाली खुर्ची टाकून बसलो तर दर ५० सेकंदाला चालू-बंद, चालू-बंद! मोटर मिनिटाला १२० लिटर उपसते, आणि फ्लोट (पाण्यावर तरंगत मोटर चालू-बंद करणारा स्विच) चालू होतो ती पातळी आणि बंद होतो ती पातळी यात अंतर फक्त ६ इंच, म्हणजे त्या खड्ड्यात जेमतेम २५ लिटर. प्रत्येक स्टार्टला करंट पाच-सहा पट ओढला जातो, वाइंडिंगला थंड व्हायला वेळच नाही, मग जळणारच की. मोठी मोटर टाकली असती तर खड्डा अजून लवकर रिकामा झाला असता, म्हणजे दुखणं वाढलंच असतं.

काकांनी पावतीच्या मागं हिशोब करून दिला. तासाला १० च्या वर स्टार्ट नको, म्हणजे दोन स्टार्टमध्ये ६ मिनिटं. १२० गुणिले ६ भागिले ४, म्हणजे चालू आणि बंद पातळीच्या मध्ये १८० लिटर मावायला हवं. चारनं का, तर मोटरच्या निम्म्या वेगानं पाणी येत असतं तेव्हा ती सगळ्यात जास्त वेळा चालू होते, ती वेळ धरून चालायचं. मग अडीच बाय अडीच फुटांचा खड्डा काढला आणि फ्लोटची वायर एक फुटाचा फरक पडेल अशी बांधली. आता फ्लोट भिंतीला घासत नाही, आणि बंद होतो तेव्हाही मोटर पाण्यातच बुडालेली राहते. पूर्वी एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) पण नव्हता, १२ फूट पाईपमधलं चार-साडेचार लिटर पाणी दरवेळी परत खड्ड्यात!

खोदकामाची माणसं सांगितल्यापेक्षा चार दिवस उशिरा आली, ऐन पावसात तो त्रास झाला, त्याचा एक स्टार कमी. बाकी काम लय मनापासून.

या जुलैत परत मोजलं, भर पाण्यातसुद्धा जवळपास ६ मिनिटांनी चालू होते. जाणार असाल तर खड्ड्याची मापं, पाईपची उंची आणि मोटर बंद ठेवून मिनिटाला पाणी किती इंच चढतंय ते लिहून न्या, काका तेच विचारतात.