जुन्नरजवळचे शेतघर : विहिरीतले पोहणे, जीवधनची चढाई आणि दोन मोकळ्या रात्री

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास आम्ही सहा जण टॉवेल खांद्यावर टाकून विहिरीच्या काठावर उभे होतो, तेव्हा यजमान दादांनी सर्वांत आधी मोटारीच्या पेटीचे दार उघडले, तिन्ही किटकॅट, म्हणजे फ्यूज, उपसून काढले, ते शर्टाच्या खिशात टाकले आणि खिशाचे बटण लावले. शेतीच्या विजेचे वेळापत्रक ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या कृतीचे मोल लगेच कळेल. थ्री फेजची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. शेतकऱ्याने मोटारीला ऑटो, म्हणजे आपोआप चालू करणारा स्विच, लावून ठेवलेला असतो, आणि वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. केबलचे आवरण कुठे उसवलेले असेल, तर त्या क्षणी पाण्यात असलेल्या माणसाला काहीच करता येत नाही. नुसते बटण बंद करून दादांचे समाधान होत नव्हते. आमच्यातला शेवटचा माणूस पायऱ्या चढून वर येईपर्यंत ते किटकॅट त्यांच्या खिशातच राहिले. या शेतघराची शिफारस मी करतो त्याचे पहिले कारण हे आहे.

जुन्नर गावापासून पश्चिमेला थोड्याच अंतरावर असलेल्या या कृषी पर्यटन केंद्राचे नाव मी येथे देत नाही. हे कुटुंब एका वेळी एकच गट घेते, बारापेक्षा अधिक माणसे ठेवून घेत नाही आणि पाहुणे ओळखीतूनच यावेत अशी त्यांची इच्छा आहे. तरीही लिहितो आहे, कारण मित्रांसोबत पोहणे, डोंगर आणि आपापले छंद यांसाठी दोन दिवस काढणाऱ्या कोणालाही अशा ठिकाणी काय पाहावे आणि काय विचारावे, याचा अंदाज यावा.

विहीर जुनी, दगडी बांधणीची आणि पायऱ्यांची आहे. व्यास साधारण चाळीस फूट आणि जानेवारीत पाण्याची खोली तीस फूट, असे दादांनी सांगितले आणि गाठी मारलेला दोर सोडून ती खोली आम्हाला दाखवलीही. आमच्यापैकी दोघे लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीतच पोहायला शिकलेले. त्यांनी पाचव्या पायरीवरून सूर मारला तेव्हा वयाची पन्नाशी त्यांच्या अंगावरून उतरल्यासारखी दिसत होती. उरलेल्या चौघांचे पोहणे शहरातल्या तलावातले, जिथे पाय टेकतात आणि तळाची निळी फरशी दिसते. विहिरीचे काळेशार पाणी ही निराळीच गोष्ट असते, आणि चांगल्या पोहणाऱ्याचाही दम तिथे भीतीने लवकर तुटतो. दादांनी ते ओळखले. प्रत्येकाने आधी दोराला धरून एक फेरी मारायची, मग दोर सोडून पण दोराच्या कडेने एक फेरी, मग दोन मिनिटे उभ्याने तरंगून दाखवायचे आणि त्यानंतरच मोकळे पोहायचे, असा त्यांचा क्रम आहे. आमच्या एका मैत्रिणीला तरंगणे जमले नाही, तेव्हा त्यांनी तिला अजिबात न लाजवता ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबमध्ये बसवले आणि रविवारी पुन्हा प्रयत्न करू असे सांगितले.

रविवारी सकाळी सात वाजता बाहेर अंगावर काटा येईल अशी थंडी होती आणि विहिरीतून मात्र वाफ निघत होती. खोल पाण्याचे तापमान हवेइतके झपाट्याने खाली येत नाही, म्हणून हिवाळ्यातल्या सकाळी ते कोमट लागते. हे सर्वांना माहीत असले, तरी पहिली उडी मारल्यावर तोंडातून निघालेला आनंदाचा आवाज माहितीमुळे काही कमी होत नाही. त्या मैत्रिणीने त्या दिवशी दोन मिनिटे पूर्ण केली. काठावरून मोजणाऱ्या आबांनी, म्हणजे दादांच्या वडिलांनी, एकशेवीसपर्यंतचे आकडे मोठ्याने म्हटले.

शनिवारची चढाई जीवधन गडाची होती. पहाटे पाचला जीपने निघून उजाडता उजाडता नाणेघाटाच्या पठारावर पोहोचलो आणि तिथून जंगलातून, मग घळीतून गडाच्या कल्याण दरवाज्याकडे चढलो. सोबत दादांचा पुतण्या वाटाड्या म्हणून होता. या वाटेवर दरवाज्याच्या थोडे खाली एक कातळटप्पा आहे. उंची फार नाही, पण पाठीमागे दरी उघडी असते आणि खोबणीत पाय नेमका बसावा लागतो. पुतण्याने स्वतः वर जाऊन दोर बांधला आणि एकेकाला पाय कुठे ठेवायचा ते सांगत वर घेतले. येथे माझी पहिली तक्रार नोंदवतो : फोनवर ही वाट ‘सोपी’ असल्याचे सांगण्यात आले होते. गावच्या माणसाला ती सोपी असेलही, पण उंचीची भीती असलेल्या आमच्या एका मित्राला त्या टप्प्याखाली अर्धा तास बसून राहावे लागले. त्याला हे आधी कळले असते, तर तो घाटघरच्या बाजूने जुन्नर दरवाज्याच्या वाटेने आला असता. शिवाय सहा माणसांमागे एकच दोर आणि हेल्मेट एकही नाही, ही व्यवस्था अपुरी आहे. मी हे रात्री दादांना स्पष्ट सांगितले आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतले.

गडावरचे धान्यकोठार आम्ही विजेऱ्या लावून पाहिले. दारावरची गजलक्ष्मी पाहून आत गेले की एकामागून एक अंधारी दालने लागतात, आणि जमिनीवरची मऊ भुकटी ही 1818 साली येथे पेटलेल्या धान्याची राख असल्याचे गावकरी सांगतात. पश्चिमेच्या कड्यावर उभे राहिले की वानरलिंगीचा सुळका अगदी हाताशी आल्यासारखा वाटतो. उत्तरेला हरिश्चंद्रगडाचा पसारा, पूर्वेला चावंड आणि हडसर हे किल्ले. निजामशाहीच्या अखेरच्या काळात येथे कैदेत असलेल्या बालराजाला शहाजीराजांनी सोडवून पेमगिरी किल्ल्यावर गादीवर बसवले, ही हकीगत पुतण्याने कोठाराच्या दारात बसून सांगितली आणि ती पाठ केल्यासारखी नव्हती, घरातली गोष्ट सांगावी तशी होती.

उतरल्यानंतर नाणेघाटाच्या लेण्यात आम्ही दीड तास थांबलो, आणि या दीड तासासाठी मी या मंडळींना सर्वाधिक गुण देईन. आमच्यातला एक मित्र चित्रकलेचा शिक्षक आहे आणि ब्राह्मी अक्षरे वहीत उतरवून घेणे हा त्याचा अनेक वर्षांचा छंद. सातवाहन राणी नागनिकेचा येथील शिलालेख अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांत दिलेल्या गाई, हत्ती आणि कार्षापण नाण्यांची जंत्री देतो, आणि त्यातील अंक हे भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत मोडतात. ते अंक आहेत हे पंडित भगवानलाल इंद्रजींनी ओळखले. मागच्या भिंतीवरच्या राजमूर्ती गेल्या, आता पावलांच्या खुणा आणि वरची नावे तेवढी उरली आहेत. मित्राने संख्या दाखवणाऱ्या खुणा एकामागून एक कागदावर उतरवल्या आणि पुतण्या त्याच्या शेजारी उकिडवा बसून प्रत्येक खुणेचे मोल विचारत राहिला. ‘चला, उशीर होतोय’ असे त्याने एकदाही म्हटले नाही. अक्षरांना हात लावू नका आणि खडू फिरवू नका, एवढेच त्याने बाहेरून आलेल्या दुसऱ्या गटाला बजावले. जकातीचा समजला जाणारा दगडी रांजण पाहायला बाकीचे गेले. तिथे मात्र पाण्याच्या बाटल्यांचा खच पडला होता, आणि तो पाहून मन विषण्ण झाले.

रात्री घरच्या काकूंनी मासवडी केली. स्वयंपाकाची आवड असलेल्या आमच्या मैत्रिणीला त्यांनी शेजारी बसवून घेतले. शिजवलेले बेसन गरम असतानाच ओल्या फडक्यावर हाताने पातळ थापायचे, त्यावर भाजलेले खोबरे, तीळ, कांदा आणि लसणाचे सारण पसरायचे, मग फडक्याच्याच आधाराने वळून माशासारखा आकार द्यायचा आणि वड्या कापायच्या. बेसन निवले की वळताना तडे जातात, म्हणून हात भाजला तरी थांबायचे नसते. तिची पहिली वळी फुटली. काकूंनी ती फुटलेलीच सर्वांच्या ताटात वाढली आणि दुसरी तिच्याकडूनच करून घेतली. बाजरीची भाकरी आणि तर्रीदार रस्सा यांविषयी वेगळे काय लिहावे?

जुन्नर परिसरात बिबट्यांचा वावर आहे. माणिकडोहला त्यांचे निवारा केंद्रच आहे. त्यामुळे अंधार पडल्यावर एकट्याने आवाराबाहेर जायचे नाही आणि अंगणातला दिवा रात्रभर चालू ठेवायचा, हा घराचा नियम. आम्हाला तर आकाश पाहायचे होते आणि अमावास्येची आदली रात्र होती. दादांनी फाटकाला कुलूप लावले, अंगणातला दिवा तसाच ठेवला आणि गच्चीच्या त्या बाजूला जुनी ताडपत्री बांधून उजेड अडवला. दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ आणि कृत्तिकेचा झुबका पाहण्यासाठी आबाही ब्लँकेट गुंडाळून वर आले. रविवारी परतताना वाट थोडी वाकडी करून खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या बाहेरूनच पाहिल्या. अशा 30 तबकड्या या परिसरात विखुरलेल्या आहेत आणि प्रत्येकीचा व्यास 45 मीटर आहे.

उणिवांपैकी एक गंभीर आहे : विहिरीवर ट्यूब आणि दोर आहेत, पण जीवरक्षक जॅकेट एकही नाही. इतकी काळजी घेणाऱ्या घरात ते असायलाच हवे. सहा जणांना मिळून एकच न्हाणीघर आहे, बंबाचे पाणी मात्र भरपूर मिळते. दोन रात्री, पाच जेवणे, दोन न्याहाऱ्या आणि वाटाड्या मिळून माणशी 3,200 रुपये झाले, जीपचे भाडे वेगळे. हा दर मला रास्त वाटला. पावसाळ्यात चारही महिने विहीर बंद असते, तेव्हा पोहण्यासाठी जायचे असेल तर दिवाळीनंतर जावे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी हडसरसाठी आम्ही पुन्हा येतो असे कळवले आहे. या वेळी वाटेतल्या कातळटप्प्यांचा तपशील दादांनी न विचारता पाठवला. दोन जॅकेटे आम्ही सोबत नेणार आहोत आणि ती विहिरीवरच ठेवून येणार आहोत.